माणसाचें मोल आणि मोटारीचा विमा

चार महिन्यांपूर्वीं आमच्या शेजारचे एक गृहस्थ सायंकाळीं कचेरींतून दुचाकीवर घरीं येत असतां मागून आलेल्या एका मोटारीच्या धक्क्यानें जागच्या जागीं गेले. वय अडतीस, एका सहकारी संस्थेंत कायमची नोकरी, महिना तीस हजार रुपये पगार, मागें पत्नी, दोन शाळकरी मुलें आणि वृद्ध आई. गेल्या आठवड्यांत त्यांच्या पत्नी एक इंग्रजी कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्या मोटारीचा विमा ज्या कंपनीकडे होता तिच्या माणसानें तो त्यांच्या हातीं दिला होता. पांच लक्ष रुपये मिळतील, तेच पूर्ण व अखेरचे समजून खालीं सही करावी, असा त्याचा मतलब होता. मीं तो मराठींत समजावून सांगितला. बाईंनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि विचारलें, "सर, हा पांच लाखांचा आंकडा त्यांनीं कुठून काढला?"

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा आहे, वकिलीचा नव्हे. म्हणून मीं त्यांस दुसऱ्या दिवशीं एका वकील स्नेह्यांकडे पाठविलें व तोंवर सही करूं नका, एवढेंच सांगितलें. परंतु त्यांचा प्रश्न मात्र मजजवळच राहिला. कारण तो मुळांत इतिहासाचाच प्रश्न आहे. गाडीखालीं माणूस मेला तर कोणी कोणास काय द्यावें, याचें उत्तर माणसानें निरनिराळ्या काळीं निरनिराळें दिलें आहे, आणि त्या कागदावरील आंकडा हा त्या साऱ्या उत्तरांचा वारसदार आहे.

आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रास हा प्रश्न अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांचें एक लहानसें प्रकरणच आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, गाडी आडवी किंवा उलट फिरली, आंस अथवा चाक मोडलें, बंध, जोतें किंवा लगाम तुटला, अथवा सारथ्यानें "बाजूस व्हा" म्हणून ओरडून सांगितलें असलें, तर दंड नाहीं. असे दहा अपवाद तेथें मोजून दिले आहेत. परंतु सारथ्याच्या अकौशल्यामुळें गाडी भलतीकडे वळून हिंसा घडली, तर धन्यास दोनशें पण दंड. सारथी कुशल असून चुकला तर दंड सारथ्यास; आणि तो अडाणी आहे हें उघड असतां जे त्याच्या गाडींत बसले त्या सर्वांसहि प्रत्येकीं शंभर पण. आजच्या न्यायालयांत मालक, चालक, वाहनाचा बिघाड आणि चालविण्याचा परवाना यांविषयीं जो वाद चालतो, त्याचीं बहुतेक सर्व मुळें या आठ-नऊ श्लोकांत सांपडतात. धन्यानें कोणाच्या हातीं गाडी दिली, हा प्रश्न तर जसाच्या तसा आहे.

पण एक गोष्ट तेथें नाहीं. हा दंड जातो राजाच्या खजिन्यांत. जखमी माणसास बरें होण्यास लागणारा खर्च अपराध्यानें द्यावा, असें त्याच अध्यायांत थोडें आधीं सांगितलें आहे. जो मेला त्याच्या बायकामुलांचें पुढें काय, याविषयीं हें प्रकरण कांहीं बोलत नाहीं. एकत्र कुटुंब त्यांस संभाळील, हें त्यांत गृहीतच असावें. कोणास शासन करावें, एवढाच प्रश्न शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढें होता. कोणास पोसावें, हा नव्हता.

इंग्रजांच्या देशांतहि फार निराळें नव्हतें. सातव्या शतकाच्या आरंभीं केंटचा राजा एथेल्बर्ट याच्या कायद्यांत माणसाच्या जिवाची व प्रत्येक अवयवाची किंमत ठरलेली होती, आणि ती मृताच्या नातलगांस मिळे. पुढें राजसत्ता बळावली तशी हत्या हा राजाविरुद्धचा अपराध झाला आणि नातलगांचा हक्क मागें पडला. त्याच्या जागीं एक चमत्कारिक रूढी उरली. ज्या वस्तूमुळें मरण ओढवलें ती वस्तु, मग ती गाडीचें चाक असो, घोडा असो कीं विहिरीचा रहाट असो, 'देवाला द्यावयाची' म्हणून सरकारजमा होई, किंवा तिची किंमत ज्यूरी ठरवी. नांव देवाचें, परंतु धन राजाचें किंवा त्यानें ज्यास तो हक्क दिला असेल त्या जमीनदाराचें, विधवेचें नव्हे.

१८०८ सालीं एका खटल्यानें हा दोष उघडा पाडला. एक गृहस्थ पत्नीसह घोड्यांच्या टपालगाडीतून जात असतां गाडी उलटली. त्याला थोडा मार लागला. पत्नी सुमारें महिन्यानें रुग्णालयांत वारली. लॉर्ड एलेनबरो यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, पत्नी जिवंत होती तेवढ्या महिन्यांत नवऱ्यास तिच्या सहवासाची जी वाण पडली तिचाच विचार करावा. मनुष्याचें मरण ही दिवाणी न्यायालयांत भरून मागतां येण्याजोगी हानि नव्हे. त्या गृहस्थास शंभर पौंड मिळाले. या निकालाचा अर्थ असा झाला कीं, निष्काळजी माणसानें एखाद्याचा पाय मोडला तर खिशास चाट, पण त्याला ठारच मारलें तर दिवाणी देणें कांहींच नाहीं. मारण्यापेक्षां लंगडें करणें महाग, असा हा न्याय होता.

आगगाडी आली नसती तर तो आणखी कित्येक वर्षें चालला असता. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं पहांटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक गाडी सॉनिंग गांवाजवळच्या खणतींत दरड कोसळून अडली. मालडब्यांसारख्या उघड्या डब्यांत बसविलेल्या गरीब उतारूंपैकीं नऊजण मेले. ज्यूरीनें ती जुनी रूढी बाहेर काढून इंजिनावर व डब्यांवर एक हजार पौंड बसविले. रेल्वे कंपन्या हादरल्या. आणि असले निकाल वाढूं लागतांच लोकांना प्रश्न पडला कीं, हा पैसा सरकारकडे कां जावा? १८४६ सालीं पार्लमेंटनें एकाच वेळीं दोन कायदे केले. एकानें देवाच्या नांवाची ती वसुली बंद केली. दुसऱ्यानें, ज्यास पुढाकार घेणाऱ्या लॉर्ड कॅम्बेल यांचें नांव पडलें, मृताची पत्नी अथवा पति, आईबाप आणि मुलें यांस नुकसानभरपाई मागण्याचा हक्क दिला. राजाचा हात निघाला आणि विधवेचा पुढें झाला. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील खरें वळण तें हेंच होय.

तथापि या हक्कास एक कुंपण पडलें. १८५२ सालीं विधवेच्या दुःखाबद्दल कांहीं देतां येईल काय, असा प्रश्न न्यायालयापुढें आला, आणि उत्तर नकारार्थी मिळालें. पैशांत मोजतां येणारा तोटा तेवढा भरून द्यावयाचा. अश्रूंचा हिशेब न्यायालय करीत नाहीं. १८५५ सालीं हाच कायदा हिंदुस्थानांत आला. त्यावेळीं मुंबई-ठाणें रेल्वे सुरू होऊन दोनच वर्षें झालीं होतीं.

मोटारीनें मात्र या व्यवस्थेची पुन्हा घडी विस्कटली. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक गाड्यांना गांवांत ताशीं दोन व बाहेर चार मैल एवढीच गति घालून दिली होती आणि पुढें तांबडें निशाण घेऊन एक माणूस चालविला होता. १८९६ सालीं हीं बंधनें सुटून चौदा मैलांपर्यंत मोकळीक मिळाली. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत एक मध्यमवयाची स्त्री मोटारीखालीं सांपडून मेली. ब्रिटनमध्यें पेट्रोलच्या मोटारीनें पायीं चालणाऱ्याचा घेतलेला हा पहिला बळी. ज्यूरीनें अपघाती मृत्यु असा निर्णय दिला.

रेल्वे कंपनी आणि मोटारवाला यांत एक मोठा फरक होता. कंपनीजवळ पैसा असे. मोटारवाल्याजवळ असेलच असें नाहीं. न्यायालयानें हजार पौंडांचा हुकूमनामा दिला, पण प्रतिवादीपाशीं कर्जानें घेतलेल्या मोटारीशिवाय कांहींच नाहीं, तर तो हुकूमनामा विधवेनें भिंतीवर टांगावयाचा काय? हें उणें भरून काढण्यास विमा पुढें आला. त्यावर नीतीचा एक आक्षेप होता: स्वतःच्या निष्काळजीपणाचें ओझें पैसे भरून दुसऱ्याच्या अंगावर टाकतां येऊं लागलें तर माणूस काळजी कशास घेईल? १९२१ सालीं इंग्लंडांत एका चालकानें भरधांव मोटारीनें तिघांस उडविलें. त्यांतील एक मेला आणि चालकानें मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. विमा कंपनी म्हणाली, गुन्हेगाराच्या बाजूनें आम्ही पैसे देणार नाहीं. न्यायालयानें निर्णय दिला कीं, निष्काळजीपणा कितीहि घोर असला तरी तो निष्काळजीपणाच आहे, आणि विमा त्यासाठींच घेतला आहे. सबब पैसे द्यावे लागतील.

परंतु विमा असूनहि जखमी माणूस उपाशी राहूं शकतो, हें १९२८ च्या सुमारास दोन खटल्यांत दिसून आलें. विमा उतरविणाऱ्याचें दिवाळें निघालें होतें. विमा कंपनीनें पैसे दिले. परंतु ते गेले दिवाळखोराच्या सर्व देणेकऱ्यांच्या सामाईक राशींत. ज्याचें हाड मोडलें तो पेट्रोलवाल्याच्या आणि शिंप्याच्या रांगेंत उभा राहून रुपयांतले आणे मोजूं लागला. कारण विम्याचा करार दोघांतला, कंपनी आणि मोटारवाला यांच्यांतला. जो चिरडला गेला तो त्यांत तिऱ्हाईत! १९३० सालीं पार्लमेंटनें दोन गोष्टी केल्या. तिऱ्हाइतासाठीं विमा उतरविल्यावांचून मोटार रस्त्यावर आणणें हा गुन्हा ठरविला, आणि दिवाळ्याच्या प्रसंगीं तिऱ्हाइतास थेट विमा कंपनीवर हक्क दिला. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यांत ही सक्ति १९२७ पासून व न्यूझीलंडांत १९२८ च्या कायद्यानें आली होती. १९३४ सालीं, विमेदारानें आपल्याशीं केलेल्या कित्येक करारभंगांच्या सबबी कंपनीला तिऱ्हाइताविरुद्ध सांगतां येणार नाहींत, असें ठरलें. ज्या मोटारीस विमाच नाहीं तिच्या बळींसाठीं १९४६ सालीं सर्व विमा कंपन्यांनीं मिळून एक मंडळ स्थापन केलें. एक भोंक बुजवावें तों दुसरें दिसावें, अशा रीतीनें हा कायदा वाढला आहे.

आपल्याकडे १९१४ सालीं मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला, त्यांत सक्तीच्या विम्याचा मागमूस नव्हता. १९३९ च्या कायद्यानें तो आणला. पण तें प्रकरण अंमलांत यावयास १ जुलै १९४६ हा दिवस उजाडावा लागला. तरीहि दावा दिवाणी न्यायालयांतच लावावा लागे. मागणी जेवढी मोठी तेवढी फी अधिक, आणि निकाल पिढीनें. १९५६ च्या दुरुस्तीनें अपघाताच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें निर्माण करण्याची सोय झाली. परंतु चूक चालकाची होती हें दावेदारानेंच सिद्ध करावयाचें, हा मूळचा नियम कायम राहिला. १९७७ सालीं मुंबईच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगितला. रात्रीच्या वेळीं निर्जन रस्त्यावर मेलेल्या हमालाच्या बायकोनें साक्षीदार आणावा कोठून? १९८२ सालीं संसदेनें याचें अर्धें उत्तर दिलें. दोष कोणाचा हें न विचारतां मृत्यूबद्दल पंधरा हजार रुपये द्यावे, असें ठरलें. पळून गेलेल्या गाडीच्या बळींसाठींहि एक निधि झाला. ती रक्कम १९८८ च्या नव्या कायद्यांत पंचवीस हजार, १९९४ मध्यें पन्नास हजार, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें, जी या बाबतींत १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आली, पांच लक्ष झाली.

येथें आमच्या शेजारीणबाईंच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर मिळतें. त्या कागदावरील पांच लक्ष हे त्यांच्या यजमानांच्या वयावरून, पगारावरून किंवा मुलांच्या संख्येवरून काढलेले नव्हते. दोष सिद्ध न करतां कोणाहि मृताबद्दल द्यावयाची ती ठरीव रक्कम आहे. निराधारास तत्काळ आधार मिळावा म्हणून ठेवलेली. दोष सिद्ध करून पुरती भरपाई मागण्याचा मार्ग निराळा आहे, आणि त्याचा हिशेबहि निराळा.

हा हिशेब मोठा मनोरंजक आहे. त्याचें मूळ १९४२ सालच्या एका इंग्रजी निकालांत असून आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९४, २००९ व २०१७ या सालीं तो पायरीपायरीनें निश्चित केला. मृताचें वार्षिक उत्पन्न घ्यावें. पुढें तें वाढलें असतें म्हणून, कायम नोकरी असून वय चाळिशीच्या आंत असल्यास, त्यांत निम्मी भर घालावी. त्यांतून तो स्वतःवर खर्च करता तेवढा भाग वजा करावा; चार ते सहा माणसें अवलंबून असल्यास हा भाग चतुर्थांश धरतात. उरलेल्या रकमेस वयाप्रमाणें ठरलेल्या गुणकानें गुणावें. पंचविशीपर्यंत तो अठरा, छत्तीस ते चाळीस या वयास पंधरा, आणि पांसष्टीनंतर पांच. आमच्या शेजाऱ्यांचें उत्पन्न वर्षाचें ३,६०,००० रुपये. निम्मी भर घालून ५,४०,००० झाले. चौथा हिस्सा वजा जातां ४,०५,००० राहिले. पंधरानें गुणिल्यास ६०,७५,००० रुपये होतात. अंत्यविधि, मिळकतीची हानि आणि सहवासाचा वियोग यांबद्दलच्या ठरीव रकमा आणखी वेगळ्या. सही करण्यासाठीं पुढें केलेला आंकडा याचा बारावा हिस्साहि भरत नाहीं.

यावरून कंपनीनें लबाडी केली असें कोणी म्हणेल. मी तसें म्हणत नाहीं. पांच लक्ष ही कायद्यानेंच सांगितलेली रक्कम आहे; ती लवकर मिळते व तिला साक्षीपुरावा लागत नाहीं. साठ लक्षांसाठीं चालकाची चूक सिद्ध करावी लागेल. कांहीं चूक मृताचीहि होती असें ठरल्यास तेवढा भाग कापला जाईल. आणि काळ किती लागेल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ज्या घरांत पुढच्या महिन्याचें वाणसामान कसें भरावें ही चिंता आहे, त्या घरास हातांतले पांच दूरच्या साठांपेक्षां अधिक वाटावे, यांत नवल नाहीं. दोष असेल तर तो एवढाच, कीं दुसरा मार्ग आहे हें त्या कागदांत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. आणि ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कारण २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें ती ठरीव रक्कम कायद्यांतील तडजोडीच्या रीतीनें एकदां स्वीकारली कीं न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टांत येतो. त्याच दुरुस्तीनें, १९९४ सालीं काढून टाकलेली दाव्याची सहा महिन्यांची मुदतहि पुन्हा घातली. तडजोडीचा देकार न्यायाधिकरणापुढें मांडावा, असें मात्र त्याच कायद्यांत सांगितलें आहे. दिवाणखान्यांत चहाच्या पेल्याशेजारीं तो मांडावा, असें नाहीं.

या हिशेबांत कोणाचें मरण धरावयाचें, याचाहि एक इतिहास आहे. १८५५ च्या यादींत भावाचें नांव नव्हतें. १९८७ सालीं गुजराथेंतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, हिंदुस्थानांतील कुटुंब म्हणजे विलायतेंतील कुटुंब नव्हे, हें ओळखून भावाचा हक्क मान्य केला. त्याहून कठीण प्रश्न गृहिणीचा. ती पगार मिळवीत नाहीं. मग गुणावयाचें कशास? १९९४ च्या कोष्टकानें तिचें उत्पन्न नवऱ्याच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढें धरलें. म्हणजे भाकरी तीच, पण श्रीमंताच्या घरीं भाजली तर तिचें मोल अधिक! २००१ सालीं जमशेटपूरच्या आगीच्या प्रकरणांत न्यायालयानें गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली. २०१० मध्यें अशा स्त्रियांस अनुत्पादक गणण्याच्या वृत्तीवरच न्यायालयानें कोरडे ओढले. २०२१ सालीं दिल्लीच्या एका दांपत्याच्या प्रकरणांत पत्नीच्या घरकामाचें काल्पनिक उत्पन्न धरून त्यांत भविष्यांतील वाढहि मिळविली गेली. त्या निकालांत २०१९ च्या सरकारी पाहणीचा दाखला आहे: घरच्या बिनपगारी कामांत स्त्रिया दिवसास सरासरी २९९ मिनिटें घालवितात, पुरुष ९७. आमच्या घरांत हे आंकडे मीं मोठ्यानें वाचून दाखविले, तेव्हां स्वयंपाकघरांतून कांहींच उत्तर आलें नाहीं. तेंच उत्तर मीं समजलों.

मिळालेला पैसा टिकावा कसा, हाहि विचार न्यायालयांनीं केला आहे. एकरकमी पैसा आला कीं आजवर न फिरकलेले नातलग दारांत उभे राहतात. म्हणून अज्ञान मुलांची व निरक्षर विधवांची रक्कम बँकेंत मुदतीनें ठेवून व्याज महिन्याच्या महिन्यास द्यावें, असा प्रघात गुजराथ उच्च न्यायालयानें १९८२ च्या सुमारास घातला व सर्वोच्च न्यायालयानें १९९४ मध्यें उचलून धरला. त्याच १९८२ सालीं जुनागड जिल्ह्यांत पहिली लोकअदालत भरली. तेथें दावे लवकर मिटतात हें खरें. परंतु तेथील निवाड्यावर अपील नाहीं. तेव्हां तेथें जातांनाहि आपला हिशेब आधीं करून गेलेलें बरें.

कोणी म्हणेल, हा सारा गुणाकार अमानुष आहे. गेलेल्या माणसास पंधरानें गुणावयाचें? मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. पण या इतिहासाकडे मागें वळून पाहिलें म्हणजे मत बदलतें. मनूच्या वेळीं दोनशें पण राजास जात. इंग्रजांच्या देशांत गाडीचें चाक देवाच्या नांवें सरकारांत जाई. आणि १८०८ सालीं पत्नी गमावलेल्या माणसास सांगण्यांत आलें कीं मरणाची कोर्टांत दाद नाहीं. त्या मानानें, घरांत खाणारीं तोंडें किती, मुलें शिकून हातास येण्यास वर्षें किती, हें विचारून केलेला गुणाकार पुष्कळच माणुसकीचा आहे. तो गेलेल्याचें मोल करीत नाहीं. राहिलेल्यांचा खर्च मोजतो.

वकील स्नेह्यांनीं आंकडेमोड करून दिली. बाईंनीं ती घरीं नेली, शाळकरी मुलीकडून पुन्हा पडताळून घेतली, आणि दोन दिवसांनीं तो इंग्रजी कागद सही न करतां परत केला. मुदत संपावयास दोन महिने असतांना त्यांचा दावा न्यायाधिकरणांत दाखल झाला आहे. निकाल काय लागेल आणि केव्हां लागेल, हें सांगतां येत नाहीं. तोंवर त्यांनीं शेजारच्या बालवाडींत नोकरी धरली आहे. परवां जिन्यांत भेटल्या तेव्हां म्हणाल्या, "सर, मिळो न मिळो. पण ते किती आणत होते, हें निदान कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं."